झिरो तिकिटाचा खर्च मांडता येतो का?

जुलै उजाडला की आमच्या ऑफिसात पिशव्या यायला लागतात. मी शहापुरात एका ऑडिटरकडे रिटर्न भरायचं काम करते. बेळगावात सीएला सीए कुणी म्हणत नाही, ऑडिटरच म्हणतात. सही साहेबांची, पिशवी उघडायचं काम माझं.

परवा वडगावच्या एक वैनी आल्या. घरातून माल विकतात: प्रोटीन पावडर, साबण, क्रीम, भांडी घासायचं लिक्विड. खाली तीस-चाळीस बायकांची टीम. साड्यांच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली. हेस्कॉमची कानडी लाइट बिलं, कंपनीच्या ॲपवरून काढलेले इन्व्हॉइस, रिचार्जचे स्क्रीनशॉट, कुंद्याच्या दुकानाचं एक बिल. पेट्रोलच्या पावत्याही होत्या, पण निम्म्या कोऱ्या. तो कागदच तसा असतो, चार महिन्यांत शाई उडते. आणि सगळ्यात खाली रबर लावून ठेवलेला एक जाड गठ्ठा, बसच्या तिकिटांचा.

"हे पण लावा की ओ मॅडम. वर्षभर खानापूर, नंदगड, संकेश्वर फिरलेय. एक तिकीट टाकलं नाही."

मी गठ्ठा उलटून बघितला. सगळी झिरो तिकिटं. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, त्या शक्ती योजनेची. रक्कम शून्य.

धंद्याच्या वजावटीचा निम्मा कायदा त्या गठ्ठ्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. वजावट म्हणजे सरकारनं दिलेली सूट नव्हे. कमाई करायला तुमच्या खिशातून जे गेलं, ते कमाईतून वजा करून उरलेल्यावर कर. खिशातून काही गेलंच नाही तर वजा काय करायचं? वैनी शंभर वेळा खानापूरला गेल्या असतील, तरी प्रवासखर्चाच्या रकान्यात शून्य. राज्याच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेचं तसंच. दोनशे युनिटांच्या आत झिरो बिल येत असेल, तर "एक खोली धंद्याला वापरते म्हणून थोडी लाइट दाखवा" हे चालत नाही.

आता आधी कमाईकडे बघू, कारण खर्च कशातून वजा करायचा हेच बहुतेकींना ठाऊक नसतं. अशा टीमच्या धंद्यात, म्हणजे डायरेक्ट सेलिंगमध्ये, पैसा दोन वाटांनी येतो. एक, तुम्ही कंपनीकडून माल घेता आणि वरच्या भावानं विकता, तो मार्जिन. दोन, तुमच्या आणि टीमच्या खरेदीवर कंपनी खात्यात टाकते ते कमिशन. इन्सेंटिव्ह, बोनस, रॉयल्टी, कंपनी नाव काहीही देवो. दोन्ही मिळून धंद्याचं उत्पन्न. पगार नव्हे आणि "इतर उत्पन्न"ही नव्हे. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं, कारण धंदा म्हटला की खर्च वजा करायचा हक्क येतो.

कमिशन वर्षाला २०,००० च्या वर गेलं की कंपनी टीडीएस, म्हणजे आधीच घ्यायचा कर, कापून उरलेलं पाठवते. आधी ही मर्यादा १५,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढली. दरही ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिला नसेल तर २० टक्के कापतात, तेव्हा पॅन आधी जोडा. आणि उत्पन्न म्हणून मांडायचं ते न कापलेलं पूर्ण कमिशन. पासबुकात १,७६,४०० दिसत असतील आणि ३,६०० टीडीएस गेला असेल, तर उत्पन्न १,८०,०००. ते ३,६०० सरकारजमा झालेत, ते कर म्हणून वळते होतात किंवा परत येतात. पासबुकातला आकडा लिहून दिला की तो सरकारकडच्या २६एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवरची कमाई आणि कापलेला कर दाखवणाऱ्या उताऱ्यांच्या आकड्याशी जुळत नाही, आणि मग घरी नोटीस आली म्हणून रडारड.

आता जिथं सगळ्यात जास्त चुका होतात ते. गल्लीतल्या सायबर सेंटरमध्ये किंवा ओळखीच्या पोराकडे रिटर्न भरलं जातं. तो आयटीआर-४ उघडतो, उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवतो, दहा मिनिटांत काम संपवतो. किराणा दुकानदाराला ते चालतं. पण ज्या कलमावर ती सोय उभी आहे, त्या ४४एडीतच लिहिलंय की कमिशन किंवा दलालीची कमाई असलेल्या माणसाला ही सोय नाही. मार्जिनच्या जोडीला कमिशन आलं की तुम्ही त्या दारातून बाहेर. मग उरतो आयटीआर-३, खरं उत्पन्न आणि खरा खर्च मांडायचा. आयटीआर-१ तर नाहीच, तो धंदा नसलेल्यांचा. टीडीएसचे दोन हजार परत आले म्हणजे फॉर्म बरोबर होता असं नव्हे. रिफंड आधी येतो, प्रश्न नंतर येतात.

खर्चाची कसोटी एका ओळीची आहे: तो पूर्णपणे धंद्यासाठीच झालेला हवा, घरगुती नको, आणि वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू नको. टिकणाऱ्या वस्तूंना वेगळा हिशोब आहे, तो पुढे येतो. यात सरळ बसणारे खर्च म्हणजे माल पाठवायचं कुरिअर, मीटिंगच्या हॉलचं भाडं, छापलेली पत्रकं, पॅकिंगच्या पिशव्या, माल भरायला सोसायटीत सोनं ठेवून काढलेल्या कर्जाचं व्याज, रिटर्न भरायची आमची फी. टीममधल्या बायकांना दिवाळीला वाटलेले कुंद्याचे बॉक्सही बसतात, बिल असेल तर. न बसणारे म्हणजे मीटिंगला नेसायला घेतलेली साडी, पार्लर, मुलांची ट्युशन. "पण मॅडम, स्टेजवर जायचं म्हणून घेतली की ओ साडी." मान्य. पण ती साडी लग्नातही नेसता येते, आणि नेसलीच आहे.

रोखीचं एक जपा. एका दिवसात एका माणसाला धंद्यापोटी १०,००० च्या वर रोख दिले, तर तो अख्खा खर्च नाकारला जातो, फक्त वरची रक्कम नव्हे. मंगल कार्यालयाचे १५,००० नोटांनी मोजून दिले तर पंधराच्या पंधरा गेले. यूपीआय करा, चेक द्या.

अर्धे घरचे आणि अर्धे धंद्याचे खर्च हा भांडणाचा भाग. फोन, इंटरनेट, स्कूटर, खोली. कायदा इथं वाजवी हिस्सा म्हणतो, आणि वाजवी म्हणजे किती हे तुम्हाला सांगता यायला हवं. इंटरनेट महिन्याला ७००, घरात मुलंही वापरतात, तर निम्मं धरलं आणि ४,२०० मांडले तर कुणी भांडणार नाही. पूर्ण ८,४०० मांडले तर भांडतील. स्कूटरला सोपा उपाय सांगते. डिकीत एक छोटी वही ठेवा: तारीख, कुठं गेले, कशाला, किलोमीटर. तीन महिने प्रामाणिकपणे लिहिली तरी तुमचा हिस्सा ६० टक्के की ३० टक्के हे कळतं. स्कूटर नवऱ्याच्या नावावर असेल तर धंद्याच्या फेऱ्यांचं पेट्रोल मांडता येतं, पण स्कूटरचा घसारा तुम्हाला नाही, मालकी तुमची नाही म्हणून.

घसारा म्हणजे टिकणाऱ्या वस्तूची किंमत एकदम न मांडता दरवर्षी थोडी थोडी मांडणं. लॅपटॉपला ४० टक्के, फर्निचरला १० टक्के, स्कूटरला १५ टक्के. मोबाइलला लोक कॉम्प्युटर समजून ४० लावतात, त्याला १५ च. वस्तू घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी दर निम्मा. लॅपटॉप ४०,००० चा आणि निम्मा वापर धंद्याला, तर १६,००० च्या निम्मे, म्हणजे ८,०००.

खोलीचं जरा नीट बघू. भाड्याचं घर ६०० चौरस फूट, त्यातली १०० फुटांची खोली मालाला आणि डेमोला, भाडं महिना ९,०००. सहावा हिस्सा म्हणजे महिना १,५००, वर्षाचे १८,०००. कागदावर छान दिसतं. पण भाडेकरार कुणाच्या नावावर? भाडं कोण भरतं? बहुतेक घरांत दोन्ही नवरा. मग खर्च त्यांचा झाला, तुमचा नव्हे. ते पगारातून अख्ख्या भाड्यावर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्याची सूट, घेत असतील तर तेच १८,००० दोघांनी दोनदा खाल्ल्यासारखं होतं. तुमचा हिस्सा तुमच्या खात्यातून घरमालकाला जाऊ द्या आणि करारात तुमचं नाव घाला. घर सासूबाईंच्या नावावर असेल तर "बाजारभावानं भाडं इतकं झालं असतं" असा मनचा आकडा मांडता येत नाही. पुन्हा तेच झिरो तिकीट.

आता ज्या विषयावर वैनी माझ्यावर चिडल्या, तो. कंपनीकडून वर्षात त्यांनी दीड लाखाचा माल उचलला होता. "हा सगळा खर्चच की." मी विचारलं, यातलं घरी किती वापरलं? जरा वेळ शांतता. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, दर महिन्याला ठरलेले पॉइंट केले नाहीत तर आयडी ॲक्टिव्ह राहत नाही आणि टीमचं कमिशन मिळत नाही. मग महिना संपत आला की माल उचलायचा. शॅम्पू घरात, पावडर सासऱ्यांना, टूथपेस्ट सगळ्यांना. त्यांचा मुद्दा असा की आयडीसाठीच घेतलं, म्हणजे धंद्यासाठी. पण तोंड धुतलं घरच्यांनी. तो घरखर्च. आयडी टिकवायला घेतला म्हणून त्याचा धंदाखर्च होत नाही.

आम्ही दोघींनी बसून काढलं. दीड लाखातला ४२,००० चा माल घरी गेला. १८,००० चा ३१ मार्चला कपाटात पडून होता, तो शिल्लक माल, पुढच्या वर्षी विकला की तेव्हा वजा होईल. ६,००० चे नमुने डेमोला उघडले आणि बायकांना वाटले, तो खर्च बसतो, कारण कुणाला काय दिलं हे त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. देव बरं करो त्या कॅलेंडरचं. उरला ८४,००० चा, तो विकून १,०२,००० आले. म्हणजे मार्जिन १८,०००. दीड लाखाच्या मालावर १८,०००.

वैनी त्या आकड्याकडे बघत राहिल्या. अपलाइननं, म्हणजे टीममध्ये त्यांच्या वर असलेल्या बाईनं, त्यांना कधी हा आकडा काढून दाखवला नव्हता, आणि अपलाइन तो काढतही नसते. माझं मत विचाराल तर या हिशोबाचा मोठा फायदा करात नाहीच. आपण धंदा करतोय की सवलतीत शॅम्पू घेतोय, हे त्यातून दिसतं.

कराचंही खरं सांगते, म्हणजे कुणी उगाच घाबरवणार नाही. आता आपोआप लागू असलेल्या नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी निव्वळ उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर साध्या उत्पन्नावर कर शून्य होतो. वैनींचं कमिशन १,८०,०००, मार्जिन १८,०००. नमुने, पेट्रोल, इंटरनेट, कुरिअर, मीटिंग, घसारा धरून खर्च ४१,२००. नफा १,५६,८००. खर्च मांडले नसते तरी कर शून्यच. त्यांच्यासाठी रिटर्न म्हणजे कापलेले ३,६०० परत आणणं आणि उद्या बँकेत कर्जाला गेलं तर दाखवायला कागद.

पण टीम मोठी झाली की गणित फिरतं. समजा एखादीला वर्षाला सगळं मिळून १३,८०,००० आले. खर्चाची वही नाही, म्हणून सगळंच उत्पन्न धरलं. ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, उरलेल्या १,८०,००० वर १५ टक्के म्हणजे २७,०००. झाले ८७,०००, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ९०,४८०. आता तिच्याकडे २,२०,००० च्या खर्चाच्या नीट पावत्या आहेत असं धरा. निव्वळ उत्पन्न ११,६०,०००. कर शून्य. एका फायलीनं ९०,४८० वाचवले. नव्या पद्धतीत वजावटी नाहीत असं जे ऐकता, ते एलआयसी, पीपीएफ, मेडिक्लेमबद्दल. धंद्याचा खर्च दोन्ही पद्धतींत वजा होतो. धंदा असलेल्याला जुनी पद्धत हवी असेल तर मुदतीत १०-आयईए फॉर्म भरावा लागतो, विसरलात तर नवीच.

ज्यांची नोकरी आहे आणि संध्याकाळी हा धंदा, त्यांना एक निराशेची गोष्ट. धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही. पुढच्या आठ वर्षांत धंद्याच्याच नफ्यातून वजा करता येतो, तोही रिटर्न वेळेत भरलं असेल तरच.

गोवा-थायलंडच्या ट्रिपांकडे बायका बक्षीस म्हणून बघतात, कर खातं उत्पन्न म्हणून. वर्षात २०,००० च्या वरच्या अशा भेटीवर जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएस आहे. टार्गेट पुरं केलेल्यांनाच नेलं तर कंपनीनं तिला ट्रेनिंग म्हटलं तरी ती भेटच. हातात रोख काही नसताना उत्पन्न वाढतं, म्हणून एआयएस बघितल्याशिवाय रिटर्न भरू नका.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, खर्चाची कसोटी तीच राहिली. मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशोब जुन्याच कायद्यानं.

शेवटचं जीएसटीचं, आणि ते खास आपल्या भागातलं. कमिशन ही सेवा. नुसता माल विकणाऱ्याला कर्नाटकात ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण माल आणि कमिशन दोन्ही असेल तर मर्यादा २० लाख, आणि त्यात मार्जिन नव्हे तर मालाची पूर्ण विक्री धरायची. तिथं पोचणाऱ्या थोड्याच. गरज नसताना कुणाच्या सांगण्यावरून जीएसटी नंबर काढू नका. राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० घेणाऱ्या घरात ती बाई किंवा तिचा नवरा आयकर भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर ते बंद होतात. कितीतरी जणींना हे नंबर आल्यावर कळतं.

मात्र तुमचा माल तुमच्या बिलानं दुसऱ्या राज्यात गेला, तर मर्यादा उरतच नाही, पहिल्या डब्यापासून नोंदणी लागते. कमिशनला हा नियम नाही, मालाला आहे. आपल्याकडे अर्ध्या घरांची सोयरीक महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजची, शिनोळी तर हाकेच्या अंतरावर. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, जीएसटीला मात्र सीमा कुठं आहे ते पक्कं ठाऊक आहे. गिऱ्हाईक कंपनीच्या ॲपवरून स्वतः मागवत असेल तर विकणारी कंपनी, तुम्हाला फक्त कमिशन, काळजी नाही. तुम्ही आपल्या कपाटातला डबा पार्सलनं चंदगडला पाठवलात तर ती तुमची आंतरराज्य विक्री.

वैनींच्या मावशी चंदगडला. दर महिन्याला दोन डबे.

"मग मावशीलाच बोलवते की वडगावला. येईल, नेईल."

"बोलवा. पण बिलावर चंदगडचा पत्ता घातलात तर विक्री पुन्हा महाराष्ट्रातली. ऑक्टोबर २०२३ पासून साध्या गिऱ्हाइकाला बिलावरचाच पत्ता धरतात."

"आणि पत्ता नाही घातला तर?"

"तर इथली."

त्यांनी झिरो तिकिटांचा गठ्ठा परत पिशवीत टाकला. "मावशीला हद्दीपर्यंत अर्धं तिकीट पडतं बगा एसटीत," त्या म्हणाल्या. "ते मांडता येईल का?"

मावशी धंदा करत नाहीत, मी म्हटलं.